लाल म्हणजे उणे

उणेकाका कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा तळहात लावत नसत. भट्टीचं दार, पॅनेलचा पत्रा, चहाचा ग्लास, सायकलची सीट, सगळ्याला आधी उलटा हात. बाजारात टरबूजसुद्धा ते बोटांच्या मागच्या बाजूने चाचपत आणि विकणारा त्यांच्याकडे वेड्यासारखं बघत राही. कामावरच्या पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी माझ्या टेबलावरच्या मशीनला उलटा हात लावला आणि म्हणाले, "अर्थिंग बरोबर आहे. बसा." पुढे कधीतरी मी कारण विचारलं. "वीज लागली की मूठ आवळते, ताई. तळहात लावला तर माणूस धरून बसतो. उलटा लावला तर हात आपला आपण मागे येतो." हे सांगताना त्यांनी स्वतःच्या मुठीकडे जरा संशयाने पाहिलं होतं.

आमचं वर्कशॉप सातपूरला. बाहेरून लोखंडी वस्तू यायच्या, आमच्याकडे विजेच्या भट्ट्यांत तापून, तेलात बुडून कडक व्हायच्या आणि परत जायच्या. मी तिथल्या छोट्या लॅबमध्ये. कडक झालेल्या वस्तूवर मशीनने बारीक टोचा मारायचा, किती खोल गेला ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. काका मीटर सांभाळत. भट्टीत किती धग आहे हे सांगणारी प्रत्येक तार त्यांच्या ताब्यात. हजेरीपटावर त्यांचं आडनाव वेगळं होतं आणि मी लागले तेव्हा सगळे त्यांना 'मीटरकाका' म्हणत. 'उणे' हे नंतरचं. ते कसं चिकटलं हेच मला सांगायचं आहे आणि तेच सांगताना हात जड होतो.

काकांना विजेचं वेड होतं, पण भक्तासारखं नाही, एखाद्या लबाड नातेवाइकाचं असावं तसं. "हिला अडवलं की ही तापते," ते भट्टीच्या लालबुंद कॉइलकडे बोट करून म्हणत. "आणि उलटंही करते. दोन वेगळ्या धातूंच्या तारा घ्या, एका टोकाला वितळवून जोडा, ते टोक धगीत ठेवा. लांबच्या टोकांना इवलीशी वीज येते. कुणी दिलेली नाही, कुठून आणलेली नाही. जेवढी धग तेवढी वीज. तीच आपल्या मीटरचा काटा हलवते." मग हळूच म्हणायचे, "एकाच धातूच्या दोन तारा जोडून बघा. काही होत नाही. परक्याशीच गाठ पडावी लागते." काकू त्यांच्या आतेबहिणीच्या नात्यातल्या, त्यामुळे या वाक्यावर भट्टीवरची मंडळी खो खो हसत. काकाही हसत. तेव्हा हसत असत.

भट्टीतल्या त्या जोडतारा पॅनेलपर्यंत पोचत नाहीत. भट्टीच्या भिंतीवर एक डबी असते, तिथून पुढे मीटरपर्यंत वेगळी वायर न्यावी लागते. शहाण्णवच्या उन्हाळ्यात जुनी वायर जळाली आणि नवीन गुंडाळी आली. जुनीचे रंग वेगळे होते, ही अमेरिकन पद्धतीची, पिवळी आणि लाल. आता लाल म्हणजे अधिक हे घरात बल्ब लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण या एका वायरीत ते उलटं असतं. पिवळी अधिक, लाल उणे. काकांना हे माहीत होतं, त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, मला एकदा सांगितलंही होतं. पण शेठ घड्याळ दाखवत मागे उभे होते आणि काकांच्या हाताने पंचवीस वर्षं केलं तेच केलं. लाल अधिकला लावली. डबीतही आणि पॅनेलवरही.

एकाच ठिकाणी चुकले असते तर काटा उलटा धावला असता आणि पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. दोन्हीकडे चुकल्यामुळे दोन चुकांनी एकमेकींना जवळजवळ झाकलं. जवळजवळच. डबी भट्टीला चिकटलेली, गरम. पॅनेल पंख्याखाली, गार. त्या दोघांमधला जो फरक, तो काटा चोरत होता आणि तोही दुप्पट. काटा म्हणायचा साडेआठशे, आणि आत असायची नऊशेच्या वर धग.

तीन आठवडे असं चाललं. त्या तीन आठवड्यांत आम्ही एकच माल काढला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडतात ती अंगठ्याएवढी जाड पिन. तीनशेच्या आसपास असतील. प्रत्येकीच्या माथ्यावर त्या महिन्याचा पंच, ठोकून उठवलेला छोटा त्रिकोण. पिंपळगाव, लासलगाव, सटाणा, सगळीकडच्या दुकानांत त्या गेल्या.

कळलं ते पंख्यामुळे. मे महिन्यात उकाडा असह्य झाला म्हणून भट्टीवरच्या रामदासने उभा पंखा ओढून भट्टीच्या बाजूला लावला. वारा त्या डबीवर गेला आणि मीटरचा काटा वर चढला. रामदास पेठकडचा, थट्टेखोर. "काका, बघा ना! वाऱ्यानं भट्टी तापाय लागली!"

मी लॅबच्या दारात उभी होते. काकांनी पंखा बाजूला फिरवला. काटा खाली आला. परत डबीकडे फिरवला, काटा वर. तिसऱ्यांदा केलं. मग डबीचं झाकण काढून आत पाहिलं आणि ते तिथेच, तेलकट फरशीवर बसले. आज एका हातात पाण्याचा ग्लास धरून बसलेला कुणी माणूस पाहिला की मला तो क्षण आठवतो, कारण मी पाणी आणून दिलं आणि त्यांनी ते तासभर प्यायलं नाही. "लाल उणे असतं ना हो, ताई," एवढंच म्हणत होते.

लॅबमध्ये एक पिन शिल्लक होती. त्यांनी ती टेबलावरच्या शिकंज्यात आवळून धरली आणि हातोडा मारला. चांगली पिन वाकते, चार घाव खाते, मग राखाडी, रेशमी तुटते. ही एका घावात गेली. तुटलेल्या तोंडावर कण चमकत होते. "बघा," काका म्हणाले, "साखर." जास्त धग खाल्लेलं पोलाद आतून असं साखरेसारखं होतं. वरून कडकपणा बरोबर येतो, माझ्या मशीनचा टोचा बरोबर पडतो, पण आत जीव नसतो.

शेठ वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. काका म्हणाले, सगळ्या दुकानांना पत्र लिहा, माल परत मागवा. शेठ म्हणाले, "तक्रार आली का एक तरी? नाही ना? मग आपणच कशाला बोंब मारायची?" काकांनी नोकरी सोडली नाही. सोडली तर वायरीकडे कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. पण त्या दिवसापासून त्यांनी एकट्याने एकही वायर जोडली नाही. कुणालातरी समोर उभं करायचे आणि विचारायचे, "लाल?" समोरच्याने मोठ्याने म्हणायचं, "उणे!" मगच स्क्रू आवळायचे. मी रोज म्हणायची. रामदास तर आरतीच्या चालीवर म्हणायचा. नाव तिथून पडलं.

आणि रविवार सुरू झाले. काकांनी उरलेल्या सळ्यांतून नव्या पिना करून घेतल्या, स्वतः बसून तापवल्या, आणि शेठनी ते पाहिलंच नाही असं केलं. सुट्टीच्या दिवशी पिनांची पिशवी सायकलच्या हँडलला, सायकल एस.टी.च्या टपावर आणि काका कुठल्यातरी गावाला. एरवीही रजा काढून पिंपळगावच्या बाजार समितीत जात. तिथे कांद्याच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात. ते प्रत्येक ट्रॉलीच्या पिनेवर वाकत, उलटा हात लावत, माथा पुसून त्रिकोण शोधत. सापडला की शेतकऱ्याला म्हणत, "कंपनीची स्कीम आहे. जुनी द्या, नवी न्या." काकांना खोटं बोलता येत नसे. कान लाल व्हायचे. लोकांना वाटे हा चोर आहे. शेवटी मीच त्यांना पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'बदली योजना' असं लिहून दिलं. तो पुठ्ठा गळ्यात अडकवून बाजारात फिरणारे काका डोळ्यांसमोर आणून मी पोट दुखेपर्यंत हसले होते. मला हसू येत होतं, हे आज लिहायला जड जातं.

सोमवारी ते जमलेल्या पिना आणून शिकंज्यात धरत आणि फोडत. प्रत्येक पिन फोडायचीच. "साखर," म्हणायचे आणि तुकडा टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. क्वचित एखादी राखाडी निघे, तेव्हा तीही त्याच डब्यात टाकत.

दोनेक वर्षांनी पेपरात बातमी आली. वणीच्या घाटात सुरगाण्याकडचे मजूर द्राक्षाच्या छाटणीला येत होते. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि उलटली. एक बाई गेली. काका त्याच दिवशी तिथे गेले. ट्रॅक्टर पाहिला, ट्रॉली पाहिली, उतारावरच्या गवतात दोन दिवस शोधलं. पिन सापडली नाही. तुटली होती, की निसटून पडली होती, की कुणी लावलीच नव्हती, हे कुणालाच सांगता येईना. मग ते त्या बाईच्या घरी गेले. तिचा नवरा ओट्यावर बसला होता. काकांनी त्यालाही पिनेबद्दल विचारलं. तो म्हणाला, "पिन कुठं पडली आमाला काय ठाऊक नाय, भाऊ. बाई गेली ना माझी."

काकांनी मला हे सांगितलं आणि पुन्हा कधी हा विषय काढला नाही. पण त्यानंतर ते आमच्यात पूर्ण असे कधीच नव्हते. वर्कशॉपच्या बाहेरून रिकामी ट्रॉली गेली की पिनेचा खडखडाट होतो. तो आवाज आला की काका बोलता बोलता थांबत. हातातला घास हातात. आवाज लांब जाऊन पुरता विरेपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घेत आणि मग वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू करत. नवीन माणसांना ते चमत्कारिक वाटे. मला काही दिवसांनी त्यांच्याबरोबर थांबायची सवय झाली. आम्ही दोघंही ऐकत असू. आपलीच कुणीतरी रस्त्याने चालली आहे, असं वाटे. रामदास म्हणायचा, काकांना लागीर झालंय. तो थट्टेत म्हणायचा, पण मला तसंच वाटत होतं.

एक पिन मात्र त्यांना मिळेना. दिंडोरीच्या बाजूला एका म्हाताऱ्याच्या निळ्या ट्रॉलीला, जिच्या मागच्या फळीवर मोर रंगवला होता, त्रिकोणाची पिन होती. म्हातारा देईना. "ही पिन लावल्यापासून घरात बरकत हाय. तुझी स्कीम तुझ्याकडं ठेव." काका तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्याने कुत्रं सोडलं. सोमवारी काका लंगडत आले आणि म्हणाले, "मोराची राहिली."

पुढे लोडशेडिंगचे दिवस आले. काकूंना इन्शुलिन सुरू झालं होतं आणि नाशिक रोडच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये फ्रिज दिवसाचे कितीतरी तास बंद. काकांनी कुठल्याशा मोडक्या यंत्रातून एक पांढरी, बिस्किटाएवढी वडी काढून आणली. दोन वायरी, एक लाल, एक काळी. बॅटरीला जोडली आणि माझा हात धरून उलटा तिच्यावर टेकवला. एक बाजू बर्फासारखी गार, दुसरी चटका बसेल अशी. आत दोन वेगळ्या पदार्थांचे कितीतरी सांधे असतात, त्यातून वीज नेली की असं होतं, म्हणाले. भट्टीतल्या तारेचाच खेळ, उलट बाजूने. वायरी अदलाबदल केल्या तर गार बाजू गरम होते. थर्माकोलच्या डब्यात ती बसवून त्यांनी काकूंचं औषध त्यात ठेवलं. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथे लाल अधिक'. "असंच माणूस फसतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, विजेने गारवा तयार होतो हे नवलच आहे. ते म्हणाले, "गारवा तयार होत नाही हो, ताई. वीज फक्त हमाली करते. इकडची ऊब उचलून तिकडे टाकते. जिथे गार लागतं ना, तिथून कुणीतरी ऊब नेलेली असते." ते मनाने त्या सुरगाण्याच्या ओट्यावर जाऊन बसले आहेत हे मला कळलं, आणि मी वडीवरचा हात काढून घेतला.

एक गोष्ट मी त्यांना अकरा वर्षं सांगितली नाही. नियम असा होता की टोचा मारून सही करायच्या आधी रोज एक पिन फोडून बघायची. त्या तीन आठवड्यांत मी एकही फोडली नाही. शेठ घाई करत होते, टोचा बरोबर पडत होता, आणि हातोडा मारून खांदा दुखायचा. पहिल्याच दिवशी एक फोडली असती तर साखर तिथेच दिसली असती. चूक काकांच्या हाताची होती, पण ती दारातून बाहेर सोडली माझ्या सहीने. ते रविवारी सायकल घेऊन जात आणि मी घरी दुपारी झोपत असे.

काका आजारी पडले तेव्हा मी नाशिक रोडला गेले. अंगात काही उरलं नव्हतं. काकू चहा करायला आत गेल्या आणि मी एकदाचं सांगून टाकलं. रडत सांगितलं. काका छताकडे बघत होते.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "तुम्ही फोडलेले तुकडे रोज माझ्याच टेबलाखालच्या डब्यात टाकायचात ना? त्या तीन आठवड्यांत एकही आला नव्हता."

"मग बोलला का नाहीत कधी? शेठना तरी सांगायचं."

"कशाला? एका माणसाची झोप गेली तेवढं पुरे होतं." मग त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला, ताप बघतात तसा. "मोराची राहिली, ताई," म्हणाले. त्यांचा हात गार होता. पुढच्या आठवड्यात ते गेले. काकूंनी उरलेल्या चांगल्या पिनांची पिशवी माझ्याकडे पाठवली, चिठ्ठी नाही, निरोप नाही.

ती पिशवी मी स्कूटीच्या डिकीत ठेवली. मी काही गावोगाव फिरले नाही, खोटं कशाला सांगू. पण रस्त्यात थांबलेली ट्रॉली दिसली की उतरून वाकायची सवय लागली. दोन वर्षांनी, पेठ रोडला, एका पंक्चरच्या दुकानापुढे निळी ट्रॉली उभी होती. रंग उडाला होता, पण मागच्या फळीवर मोराचा गळा आणि अर्धा पिसारा शाबूत होता. मी पुढे जाऊन माथा पुसला. त्रिकोण.

मालक चाळिशीचा होता. मी पुठ्ठ्यावरचीच थाप मारली. तो म्हणाला, "ताई, तुमच्यासारखाच एक जण यायचा पहिलं. सायकलवाला. माझ्या बापानं कुत्रं सोडलं त्याच्यावर. बाप म्हणायचा, येडा हाय. पन जाताना रडत होता ओ तो मानूस, मी बघितलं ना. तवापासून या ट्रॉलीत मी मानूस बसवत नाय. नुसता माल." मग विचारलं, "कुठं हायेत ते?"

"गेले," मी म्हटलं.

त्याने पिन उपसली आणि माझ्या हातात दिली. मी त्याला काकांची दिली. पिन घेताना मी आधी उलटा हात लावला, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

तशीच वर्कशॉपवर गेले. पिन शिकंज्यात धरली आणि पदर खोचून हातोडा मारला. एका घावात तुटली. साखर. इतकी वर्षं त्या माणसाने त्या पिनेवर कांदा, द्राक्षं, खत, काय काय ओढलं होतं. मला आनंद झाला. काका बरोबर होते म्हणून झाला, आणि त्या आनंदाची मला अजून शरम वाटते.

शेजारच्या भट्टीच्या डबीपाशी नवे फिटर स्क्रू आवळत होते. साठीचे गृहस्थ, मनमाडला रेल्वेत वायरिंग करून निवृत्त झालेले, महिन्यापूर्वीच आमच्याकडे लागलेले. कामात चोख, आल्यापासून सगळ्या भट्ट्यांच्या वायरी तेच जोडत आणि सगळे त्यांची तारीफ करत. त्यांच्या हातात पिवळी-लाल वायर होती. मी तुकडा डब्यात टाकला आणि जुन्या सवयीने, काहीच मनात न आणता, म्हटलं, "लाल?"

"प्लस, मॅडम," ते मान वर न करता म्हणाले. "लाल प्लसच असतं."

मी सगळ्या भट्ट्या बंद करायला लावल्या.